सी१-सी२ मध्ये (मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांत) स्क्रू बसवायचे आहेत, एमआरआय झालाय. मग आणखी सीटी अँजिओ (नसेत औषध सोडून धमन्या दाखवणारा सीटी) कशाला?

तुम्ही लिहिलंय की वडील माडावरून पडले, सी२ फ्रॅक्चर आहे, मुंबईच्या सर्जननी सी१-सी२ मागून स्क्रू घालून जोडायचं ठरवलंय आणि एमआरआय असूनही सीटी अँजिओ मागितलाय. खर्च उगाच वाढवतायत का, हा तुमचा प्रश्न.

उगाच नाही. मी रत्नागिरीत सीटी सेंटरवर टेक्निशियन आहे. ऑपरेशन करावं की नाही यात मी पडणार नाही, पण ही तपासणी मीसुद्धा टाळू दिली नसती.

एमआरआयवर मज्जारज्जू आणि लिगामेंट दिसतात. स्क्रू जातो हाडात, आणि हाडाची मापं सीटीवर मिळतात. स्क्रू साडेतीन मिलीमीटर जाडीचा, त्याला सी२ मध्ये मिळणारी वाट जेमतेम काही मिलीमीटरची. आतल्या अंगाला मज्जारज्जू, बाहेर मेंदूला रक्त नेणारी व्हर्टिब्रल धमनी. ही धमनी प्रत्येकाची वेगळी वळते. काहींच्या सी२ मध्ये ती इतकी वर आणि आत चढलेली असते की त्या बाजूला पेडिकल स्क्रूला (मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या अरुंद हाडातून जाणाऱ्या स्क्रूला) जागाच उरत नाही. सी१ वर आणखी एक गंमत, म्हणजे सर्जनच्या दृष्टीने अजिबात गंमत नाही: काहींमध्ये धमनीवर हाडाचा छोटा पूल तयार झालेला असतो. वरून पाहिलं तर मणक्याची मागची कमान चांगली जाड वाटते, आणि आत धमनी असते.

शिवाय दोन्ही बाजूंच्या धमन्या सारख्या नसतात. एक जाड, दुसरी बारीक, असं बऱ्याचदा दिसतं. जाड धमनीला इजा झाली तर रक्तस्रावाबरोबर मेंदूच्या मागच्या भागात स्ट्रोकचा धोका. हे आधी कळलं तर सर्जन त्या बाजूला आखूड स्क्रू घालतात, किंवा सी२ च्या मागच्या पातळ भागात, लॅमिनात, आडवा स्क्रू बसवतात. तिथे ही धमनी वाटेत येत नाही. सी१ आणि सी२ मध्ये वेगवेगळे स्क्रू घालून प्लेटने जोडायची पद्धत डॉ. अतुल गोयल यांनी केईएममधून १९९४ मध्ये मांडली. म्हणजे मुंबईत हे काम नवीन नाही.

नेव्हिगेशन (ऑपरेशन करताना स्क्रूची जागा पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे का, असं सगळे विचारतात. असेल तर चांगलंच, पण मान जरा हलली तरी पडद्यावरची जागा आणि खरी जागा यांत फरक पडू शकतो. बऱ्याच ठिकाणी अजूनही सी-आर्मवरच (ऑपरेशन थिएटरमधल्या फिरत्या एक्स-रे यंत्रावरच) काम होतं. मानेच्या खालच्या मणक्यांना त्यात खांदे आड येतात (रापणीचं मासेमारीचं जाळं ओढून कमावलेले खांदे असले तर विचारूच नका), सी१-सी२ ला ती अडचण नसते. मी तुमच्या जागी असतो तर यंत्राचं नाव विचारण्याआधी विचारलं असतं, "सीटी बघून कोणत्या बाजूला कोणता स्क्रू ठरवलात?"

यासाठी मुंबईला जायलाच हवं असं नाही. मल्टिस्लाइस सीटी आणि प्रेशर इंजेक्टर (नसेत औषध वेगाने सोडणारं यंत्र) असलेल्या जवळच्या सेंटरवर होईल. फक्त त्यांचा रिपोर्ट चालेल का ते सर्जनना फोन करून विचारा. सीटीच्या चित्रांचे काप एक मिलीमीटर किंवा त्याहून पातळ हवेत, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. फिल्मवर भागवू नका, सीडी मागा, कारण सर्जन ती संगणकावर स्क्रूच्या दिशेने फिरवून बघतात. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करा, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. आणि टेबलावर घेताना कुणी मानेची कॉलर काढायला सांगितली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू देऊ नका.