वाचकांचे प्रश्न : जुन्या अ‍ॅल्युमिनियम डब्यांना पॉलिश

प्रश्न : माझ्याकडे लायनेल या अमेरिकन कंपनीच्या खेळण्यातल्या रेल्वेचे, १९५०च्या दशकातले ओ गेजचे (मॉडेल रेल्वेचं एक माप) अ‍ॅल्युमिनियमचे प्रवासी डबे आलेत. काळपट पडलेत, काही ठिकाणी पांढरी भुकटी धरलीय. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून बुडवू, की सरळ स्टील वूलने घासू?

उत्तर : प्लीज, यातलं काहीच करू नका. सोड्यासारखा अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि डबा आणखीनच काळा पडतो, आणि स्टील वूलचे चरे निघता निघत नाहीत, शिवाय त्याचे बारीक कण धातूत रुतून बसतात.

आधी डबा खोला, खिडक्यांच्या पट्ट्या, दिवे, वायरी सगळं बाजूला काढा आणि नुसतं कवच कोमट पाण्यात साध्या लिक्विड सोपने धुवा, खूपदा निम्मा काळपटपणा म्हणजे नुसती धूळ आणि तेलच असतं. मग कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मऊ सुती कापडावर थेंबभर मेटल पॉलिश घेऊन घासून बघा. कापड लगेच काळं झालं तर धातू उघडा आहे, पॉलिश बिनधास्त चालेल. कापड स्वच्छच राहिलं तर वर बहुतेक लॅकर (पारदर्शक वार्निश) किंवा अ‍ॅनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने धातूवर तयार केलेला कडक ऑक्साइडचा) थर आहे, तिथे हात आवरा, थर अर्धवट निघाला की डबा चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. ही टेस्ट मी कधीच चुकवत नाही.

घासायचं ते डब्याच्या लांबीच्या दिशेनेच, गोल गोल नाही, कारण बाजूच्या उभारलेल्या रेघा आडव्याच धावतात आणि उजेडही त्यांच्यावरूनच सरकतो. रेघांच्या खाचांत पॉलिश वाळून पांढरं बसतं, ते ओलं असतानाच मऊ टूथब्रशने काढा, राहिलं तर लाकडी टूथपिकने. नावाच्या पाट्या, रंगीत पट्टे, अक्षरं यांच्यावर मास्किंग टेप लावा, तीही कमी चिकटीची, आणि त्यांच्या कडेला तर बोटानेच हळूहळू. एकदा गेलेली मूळ अक्षरं परत येत नाहीत हो!

पांढऱ्या भुकटीखाली बारीक खड्डे असतील तर पॉलिशने ते भरणार नाहीत. सपाट भागावर १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत वापरता येतो, पण खोल खड्डे मी तरी तसेच ठेवते, ते घालवायच्या नादात रेघांची धार जाते आणि डब्याचं रूपच बदलतं.

प्रश्न : चमक टिकावी म्हणून वरून क्लिअर लॅकर मारू का?

उत्तर : मी नाही मारणार. पुढे तो पिवळा पडला की खाचांतून काढणं महाकठीण. कार्नोबा मेणाचा पातळ हात द्या आणि डबे उचलताना सुती हातमोजे घाला, बोटांच्या घामाचे डाग पॉलिश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर लगेच उठतात.