आईचं औषध चिठ्ठीवर ठरवणार?

मागच्या अंकात औषधांच्या ट्रायलबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या तर त्यावर एवढे प्रश्न आले की बाकीचे विषय पुढे ढकलले. बहुतेकांचा राग एकाच शब्दावर, रँडम, म्हणजे कोणाला कुठला उपचार हे डॉक्टरने नाही तर चिठ्ठीने ठरवणं. सरकारी मराठीत याला यादृच्छिकीकरण म्हणतात पण तो शब्द नीट उच्चारेपर्यंत पेशंटला डिस्चार्ज मिळेल, तेव्हा आपण रँडमच म्हणू.

प्रश्न : सर, आईला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणाले एक ट्रायल चालू आहे, भाग घेता का, आणि नवीन औषध मिळणार की नेहमीचं ते कॉम्प्युटर ठरवणार. एवढे शिकलेले डॉक्टर आणि निर्णय चिठ्ठीवर? आम्ही काय लॉटरीचं तिकीट काढायला गेलोय का? — एक मुलगी, सोलापूर

उत्तर : ताई, राग येणारच, मलाही आला असता. पण एक बघा, नवीन औषध जास्त चांगलं आहे हे डॉक्टरांना पक्कं माहीत असतं तर चिठ्ठी टाकायचा त्यांना हक्कच नव्हता, सरळ तेच द्यायला पाहिजे होतं. ट्रायल करायची परवानगीच मुळात तेव्हा मिळते जेव्हा जाणकारांनाही खरोखर माहीत नसतं की दोन्हीतलं कुठलं बरं. आपल्या डोक्यात बसलेलं असतं की नवीन म्हणजे भारी आणि जास्त उपचार म्हणजे जास्त काळजी, तसं दर वेळी नसतं.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचंच उदाहरण घ्या. निदान झालं तेव्हाच कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरलेला आहे अशा बायकांमध्ये स्तनातली मूळ गाठ ऑपरेशन करून काढायची की नाही हा जुना वाद. आधीच्या नोंदी बघितल्या तर ऑपरेशन झालेल्या बायका जास्त जगलेल्या दिसायच्या, मग लोकांना वाटणारच की काढलेली बरी. पण ऑपरेशनला कोणाला घेतलं जायचं? जी धडधाकट आहे, जिचा आजार त्यातल्या त्यात कमी आहे, तिलाच ना! मग ती ऑपरेशनमुळे जगली की मुळात तब्येत बरी म्हणून, हे कसं सांगणार? टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने अशा 350 बायका घेतल्या, रँडम दोन गट केले, आणि 2015 साली निकाल छापला. ऑपरेशनवाल्या गटात निम्म्या बायका 19.2 महिन्यांपेक्षा जास्त जगल्या, दुसऱ्या गटात 20.5, म्हणजे फरक काही नाहीच. तेवढ्या मोठ्या ऑपरेशनचा त्रास आयुष्य वाढवण्यासाठी घेत असाल तर तो फुकट. हे चिठ्ठीशिवाय कळलंच नसतं. (हे पसरलेल्या कॅन्सरबद्दल आहे हां, तुमच्या आईची स्टेज वेगळी असू शकते, तेव्हा हे वाचून ऑपरेशन रद्द करू नका.)

आता सही करायच्या आधी विचारायचं काय. नवीन औषध मिळालं नाही तर आईला आजचा मान्य असलेला उपचार पूर्ण मिळणार ना? मध्येच बाहेर पडलो तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? एथिक्स कमिटीची (ट्रायल पेशंटच्या हिताला धरून आहे ना हे तपासणारी समिती) परवानगी आणि सीटीआरआयचा नंबर दाखवा म्हणावं, हे भारतातल्या ट्रायलचं सरकारी रजिस्टर आहे, इंटरनेटवर कोणालाही बघता येतं. ट्रायलमुळे इजा झाली तर भरपाई कोण देणार तेही संमतीपत्रात असतं, 2019 च्या नियमांत त्याची तरतूद आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस वाचा. घाई करणारा असेल तर सही नको. आणि नाही म्हणायचा आईला पूर्ण हक्क आहे, त्यासाठी कारणही द्यावं लागत नाही.

प्रश्न : चिठ्ठीच कशाला हवी? पहिल्या पेशंटला औषध, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला औषध, असं एकाआड एक दिलं तरी वाटणी सारखीच होईल की. — एक निवृत्त बँकवाले, सांगली

उत्तर : काका, वाटणी सारखी होईल पण पुढचा नंबर कशाचा हे सगळ्यांना आधीच कळेल, गोची तिथेच आहे. समजा तुम्ही डॉक्टर आहात, पुढचा नंबर औषधाचा आहे, आणि दारात एक अगदी खंगलेला माणूस आलाय. मनात येणारच की हा काही टिकत नाही, याला आत्ता ट्रायलमध्ये नको घ्यायला. किंवा उलटं, याला गरज जास्त आहे, तर आधीच्या बाईंना जरा थांबवू आणि याला पुढे घेऊ. यात कोणी चोर नाही, माणुसकीच आहे, पण दोन गट आता सारखे राहिले नाहीत.

म्हणून ब्रिटनमध्ये टीबीवर स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल झाली, जिचा निकाल 1948 ला आला, तिथे ब्रॅडफर्ड हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने काय केलं, तर रँडम आकड्यांवरून क्रम ठरवला आणि बंद पाकिटांत घातला, पाकिटावर बाहेर फक्त हॉस्पिटलचं नाव आणि नंबर. पेशंट ट्रायलमध्ये घ्यायचा हे आधी ठरणार, पाकीट नंतर फुटणार. आत काय आहे ते ट्रायल चालवणाऱ्यांनाही माहीत नाही. महायुद्ध नुकतंच संपलेलं, औषध सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच, त्यामुळे कोणाला द्यायचं हा प्रश्न तसाही होताच. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 जणांपैकी 4 गेले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, त्या 52 जणांना आपण ट्रायलमध्ये आहोत हेच सांगितलेलं नव्हतं. आज असं केलं तर चालणार नाही, आणि चालू नयेच.

प्रश्न : आमच्या शाळेत मी स्वखर्चाने तीन महिने निम्म्या मुलांना रोज शेंगदाण्याची चिक्की दिली आणि सगळ्यांची वजनं घेतली. गंमत म्हणजे चिक्की खाणारी मुलं शेवटीसुद्धा न खाणाऱ्यांपेक्षा हलकीच! चिक्कीचा उपयोग नाही का? — जि.प. शिक्षक, नंदुरबार

उत्तर : गुरुजी, आधी नमस्कार घ्या, स्वतःच्या पगारातून कोण करतं हो एवढं. आता खरं सांगा, चिक्कीसाठी मुलं निवडली कशी? बारीक बारीक, हडकुळी बघूनच ना? मग ती हलकी निघणारच, ती हलकी होती म्हणूनच तर चिक्की मिळाली!

तुम्ही एकटे नाही, हीच चूक 1930 साली स्कॉटलंडमध्ये लॅनार्कशायर नावाच्या भागात झाली, आणि तीही 20,000 मुलांवर. शाळेत रोज पाऊण पाइंट, म्हणजे आपलं चारशे मिलीच्या वर दूध दिलं तर मुलं किती वाढतात हे बघायचं होतं. 10,000 मुलांना दूध, 10,000 ना नाही, फेब्रुवारीत वजन-उंची आणि पुन्हा जूनमध्ये. मुलं निवडायला सुरुवात बरी केली होती, कुठे चिठ्ठ्या टाकून, कुठे आडनावाच्या अक्षरांवरून. पण मुख्याध्यापकांना एक मुभा ठेवली की एखाद्या गटात फारच धष्टपुष्ट किंवा फारच कुपोषित मुलं गेलीत असं वाटलं तर अदलाबदल करा. झालं! मास्तरांना समोर गरिबाचं पोर दिसतंय, त्याला दुधाच्या रांगेतून काढून खात्यापित्या घरच्याला कोण उभं करेल? अदलाबदल झाली ती एकाच दिशेने. सुरुवातीलाच बिनदुधाची मुलं उंचीने आणि वजनाने काही महिने पुढे होती.

त्यावर 1931 मध्ये गॉसेटने टीका लिहिली, हा गिनेस बिअर कंपनीत कामाला असलेला संख्याशास्त्रज्ञ, स्टुडंट या टोपणनावाने लिहायचा, आपल्याकडे बीएस्सीला जी टी-टेस्ट घोकतात ती याचीच. त्याने आणखी एक बारीक गोष्ट पकडली ती मला फार आवडते. वजनं कपड्यांसकट घेतली होती. फेब्रुवारीत कडाक्याची थंडी, जूनमध्ये उन्हाळा. ज्याच्या घरी बरं आहे तो थंडीत जाड कपडे घालतो आणि जूनमध्ये काढतो, म्हणजे त्याचं वजन काट्यावर तेवढं कमी भरलं. गरीब मुलाकडे बारा महिने तेच कपडे. म्हणजे दुधाचा फायदा बघताय की स्वेटरचा? मुलांचे गटच सरमिसळ असते तर स्वेटरही दोन्हीकडे सारखेच वाटले गेले असते. रँडमची ताकद ही आहे, जी गोष्ट तुमच्या डोक्यातही आली नाही तीसुद्धा दोन्ही गटांत साधारण सारखी पडते.

तुमच्या चिक्कीचं म्हणाल तर पुढच्या टर्मला सगळ्या मुलांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, एका मुलाकडून उचलायला लावा, आणि आलेलं नाव बदलू नका. मन होणार नाही हे मला माहीत आहे. मग असं करा, पहिले तीन महिने एका गटाला आणि पुढचे तीन दुसऱ्या गटाला, कोणीच कायमचं उपाशी नाही, आणि तुलना पहिल्या तीन महिन्यांची धरा. वजन पण कमी-जास्त किती झालं ते बघा, शेवटी किती आहे ते नुसतं नको. पालकांना सांगून करा, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी कोणाला नाही ना तेही विचारा.

प्रश्न : कोविडमध्ये माझ्या मेव्हण्याला प्लाझ्मा दिला, तिसऱ्या दिवशी ताप गेला. डोळ्यांनी बघितलंय. आणि तुम्ही लोक म्हणता प्लाझ्माचा उपयोग नाही. — व्हॉट्सअॅप विद्यापीठाचा पदवीधर (असं त्यांनीच लिहिलंय), ठाणे

उत्तर : मेव्हणे बरे झाले याचा आनंद आहे. पण प्लाझ्मा, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग, दिला नसता तर तिसऱ्या दिवशी काय झालं असतं हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं नाही, ते कोणालाच बघता येत नाही, म्हणून तर दुसरा गट लागतो. आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 मध्ये देशभरातल्या 39 हॉस्पिटलांत 464 पेशंट घेऊन ही ट्रायल केली. 28 दिवसांत आजार गंभीर झाला किंवा माणूस दगावला असे प्लाझ्मा गटात 235 पैकी 44, आणि बिनप्लाझ्माच्या गटात 229 पैकी 41. टक्क्यांत 19 आणि 18. त्या काळात आपण सगळेच डोनर शोधत रात्र-रात्र मेसेज फॉरवर्ड करत होतो, मीही केलेत. शेवटी मे 2021 मध्ये प्लाझ्मा सरकारी उपचारपद्धतीतून काढला. उलट डेक्सामेथासोन हे जुनं, अगदी स्वस्त स्टेरॉइड, ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशने कमी करून गेलं, पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीच फायदा नाही. हा फरक अनुभवावरून कोणाच्या लक्षात आला असता सांगा.

प्रश्न : एवढं करून नशिबाने एकाच गटात सगळे म्हातारे आले तर? — एक वाचक, मडगाव

उत्तर : येऊ शकतात, विशेषतः गट लहान असेल तर. म्हणून आधी वयाप्रमाणे वेगळे काढायचे आणि मग प्रत्येक वयोगटात वेगळी चिठ्ठी टाकायची. गट मोठे असतील तर हा प्रश्न बराचसा आपोआप मिटतो.

प्रश्न : सर, माझं एमएस्सी अॅग्रीचं दुसरं वर्ष आहे, सोयाबीनवर चार खतांचं ट्रायल लावायचंय, पाच रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक खत पाच वेळा. गाईड म्हणतात आरबीडी लाव, म्हणजे रानाचे ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये चारही खतं चिठ्ठीने. चिठ्ठीत एकच खत दोन-तीन ब्लॉकमध्ये विहिरीच्या बाजूलाच आलं तर मी हाताने थोडं इकडेतिकडे करू का? — परभणी

उत्तर : करू नको. हे सगळं प्रकरण निघालंच शेतातून, 1919 ला फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती केंद्रावर आला आणि वाफ्यांचीच भांडणं सोडवता सोडवता रँडम वाटणीवर पोचला. बांधाकडची जमीन वेगळी, उताराखालची वेगळी, बाभळीच्या सावलीतली वेगळी, हे शेतकऱ्याला माहीत असतंच. जो फरक माहीत आहे त्यासाठी ब्लॉक. तुझ्या रानाला उतार असेल तर ब्लॉक उताराला आडवे पाड, म्हणजे एका ब्लॉकमधले चारही वाफे साधारण एका पातळीवर येतील. जो फरक माहीत नाही त्यासाठी चिठ्ठी. पानसे-सुखात्म्यांचं शेतीच्या प्रयोगांसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक लायब्ररीत असेल, ते आधी वाच, दोघेही आपल्याकडचेच आणि पुस्तक 1954 चं असलं तरी अजून उपयोगी आहे.

विहिरीकडच्या ओलीची एवढी भीती वाटत असेल तर ते आत्ताच, चिठ्ठी टाकायच्या आधी गाईडना सांग, त्या बाजूचा पट्टा सोडून दे नाहीतर लॅटिन स्क्वेअर घे, त्यात प्रत्येक खत प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येतं, पण मग चार खतांना चारच रेप्लिकेशन. आणि प्रत्येक ब्लॉकसाठी चिठ्ठ्या नव्याने उचल, एकदाच उचलून तोच क्रम पाचही ब्लॉकना लावणारे मी पाहिलेत. आलेला क्रम वहीत तारखेसह लिहून गाईडची सही घे, आणि खुंट्या रोवताना ती वही हातात ठेव, कारण मजूर आपल्या सोयीने पोती उतरवतात आणि तुझी चिठ्ठी तिथेच संपते.