जाकीट छातीवर आवळतंय

प्रश्न : वापरलेलं लोकरीचं जाकीट हौसेनं घेतलं, पण बटणं लावली की छातीवर ताणतं. उसवून मोठं होईल का?

उत्तर : आधी खांदे बघा. तिथली शिवण गळ्याकडे सरकत असेल तर नाद सोडा, खांदा वाढवणं म्हणजे जाकीट नव्यानं शिवणंच. खांदे नीट बसत असतील तर अस्तर थोडं उसवून बगलेखालच्या शिवणीतली माया (आत राखलेलं जादा कापड) मोजा. दोन्ही बाजूंच्या शिवणींत कापडाच्या पुढच्या-मागच्या प्रत्येक पदराला १ सेंटिमीटर सोडता आला, तरी घेर ४ सेंटिमीटरनं वाढतो. पण घाई नको. मी एकदा सरळ उसवलं आणि आतलं कापड गडद निघालं. ती रेघ इस्त्रीनंही गेली नाही, फार वाईट वाटलं. म्हणून आधी बोटभरच उसवा आणि उजेडात रंग पाहा. (चामड्याचं मात्र उसवू नका, सुईची भोकं बुजत नाहीत.)