पफ पॅनलचं घर: कोटेशनआधी कंपनीची कुंडली मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्जतजवळ 600 चौरस फुटांचं पफ पॅनलचं, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तयार पॅनलचं, प्रीफॅब घर बांधायचंय आणि तीन कोटेशनं हातात आहेत. एक 'तीन पिढ्यांपासून इन्सुलेशनमध्ये' असलेल्या घरगुती कंपनीचं, दुसरं पोर्टा केबिनवाल्याचं, तिसरं फॅक्टरी शेड उभारणाऱ्याचं. पहिलं सगळ्यांत महाग. घराण्याच्या इतिहासाला जास्तीचे पैसे मोजायचे का?

इतिहासाला पैसे मोजू नका, पण तो खोदून विचारा. आपल्याकडे या धंद्यात सहसा कोणी घरं बांधण्यापासून सुरुवात केलेली नसते. जो जिथून आला, तिथल्या सवयी तो पॅनलच्या सांध्यांत घेऊन येतो. पाणी कुठून गळणार, पत्रा कुठे गंजणार, हे बरंचसं त्यावरून आधीच सांगता येतं.

इन्सुलेशनवाल्यांचं मूळ बहुतेक शीतगृहात असतं. जुनं शीतगृह विटांचं असायचं. आतून भिंतीला गरम डांबर लावून थर्माकोलचे स्लॅब दोन थरांत चिकटवायचे, खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा येऊ द्यायचा नाही, मग कोंबडीजाळी ठोकून प्लास्टर. 1991 मध्ये महाग्रेप्स हा द्राक्ष उत्पादकांचा सहकारी निर्यात संघ स्थापन झाला, द्राक्षाची निर्यात वाढली आणि नाशिककडे प्रीकूलिंगच्या (तोडलेली द्राक्षं लगेच थंड करायच्या) खोल्या, सांगली-तासगावकडे बेदाण्याची शीतगृहं यांना मागणी आली. डांबर-थर्माकोलची जागा हळूहळू दोन पत्र्यांमध्ये पॉलीयुरेथेन फोम (पफ) भरलेल्या तयार पॅनलने घेतली. पॅनल बनवायचा प्रेस एकदा बसवला की तो रिकामा ठेवणं परवडत नाही, म्हणून साईट ऑफिस, मग लेबर कॉलनी, मग फार्महाऊस. इन्सुलेशनवाला घरांत शिरतो तो असा.

थर्माकोलच्या पॅकेजिंगमधूनही वाट निघते. ग्रेटर नोएडाची ईपॅक 1999 मध्ये ईपॅक पॉलिमर्स या नावाने नोंदली गेली. बोथरा आणि सिंघानिया या कुटुंबांची ही कंपनी 2025 मध्ये शेअर बाजारात आली, तोवर प्रीफॅब हा तिचा मुख्य व्यवसाय झाला होता. आयर्लंडच्या किंग्सकोर्टमध्ये यूजीन मर्टा यांनी 1960 च्या दशकात पबमागच्या आवारात फॅब्रिकेशन सुरू केलं. त्याची किंगस्पॅन झाली, ती इन्सुलेटेड पॅनलमध्ये मोठी झाली आणि 2005 मध्ये तिने लाकडी सांगाड्याची घरं बनवणारी सेंच्युरी होम्स विकत घेतली. आज मुलगा कारभार पाहतो. उलट जर्मनीतल्या वेबरहाऊसची सुरुवात 1960 मध्ये हान्स वेबर या सुताराने केली. तिथे खिडक्या बसवलेली पूर्ण भिंत कारखान्यातून येते. आपल्याकडचं 'प्रीफॅब' म्हणजे सुट्या पॅनलचा संच, जुळणी साईटवर. जर्मन घराचा व्हिडिओ दाखवून आपल्याकडचं पॅनल विकणारे आहेत, म्हणून हा फरक लक्षात असू द्या.

आता तुमच्या पहिल्या कोटेशनकडे. शीतगृहवाल्याला फोम कळतो, हवाबंद सांधा कळतो, आणि ओलावा उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे जातो हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. कर्जतला एसी लावलात तर बाहेरची दमट हवा आत घुसू पाहते, म्हणजे सांधा बाहेरच्या अंगाने सील हवा. युरोपात थंडी बाहेर असते, म्हणून तिथे ओलावा अडवणारा थर आतल्या बाजूला असतो. ते ड्रॉइंग तसंच्या तसं इथे वापरलं तर आतल्या प्लास्टिकमागे पाणी साचतं आणि बुरशी येते. ही चूक शीतगृहवाला सहसा करत नाही.

त्याला कळत नाही तो पाऊस. शीतगृहाची खोली बहुधा एखाद्या शेडच्या छपराखाली उभी असते, तिच्या भिंतीवर थेंब पडत नाही. त्यामुळे तो जोत्यावर यू चॅनल ठोकतो, त्यात पॅनल उभं करतो, दोन्ही कडांना सिलिकॉन ओढतो आणि मोकळा होतो. घरात हाच चॅनल पन्हळ बनतो. पाऊस पॅनलवरून ओघळतो, चॅनलच्या बाहेरच्या ओठावर अडतो, आत उतरतो आणि फोमच्या तळाशी साठतो. सिलिकॉन एक-दोन उन्हाळ्यांत सुटतं. मग आतल्या बाजूने टाइल्सच्या स्कर्टिंगजवळ ओल दिसते आणि सगळे छपरात गळती शोधत बसतात.

यावर उपाय ड्रॉइंगमध्येच मागा. पॅनलचा बाहेरचा पत्रा जोत्याच्या कडेच्या 20 ते 25 मिमी बाहेर असावा आणि खाली ठिबक-पट्टी जोत्याच्या वरच्या पातळीपेक्षा निदान 50 मिमी खाली उतरावी. चॅनलखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), दर 600 मिमीवर अँकर, आणि चॅनलच्या बाहेरच्या कडेला पाणी निघायला छिद्रं. जोतं जमिनीपासून दीड फूट तरी उंच घ्या. कर्जतच्या पावसात पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून फूटभर सहज उडतं. कॅम लॉकचं (कडेतला हुक किल्लीने फिरवून जोडायचं) पॅनल बाहेरच्या भिंतीला घेऊच नका, ते आतल्या खोल्यांचं आहे.

पोर्टा केबिनवाल्याचं मूळ वेल्डिंगमध्ये. सांगाडा मजबूत, उचलून ट्रकवर ठेवता येईल असा. पण भिंतीत तो चौकोनी पाइपांच्या मध्ये थर्माकोल किंवा ग्लासवूल कोंबतो. थर्माकोलच्या कडांना फटी राहतात, ग्लासवूल कालांतराने खाली बसतं, आणि पाइप स्वतःच उष्णता आत आणतो. आतला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) कोकणात एका पावसाळ्यात फुगतो. वर्ष-दोन वर्षांचं साईट ऑफिस म्हणून उत्तम, घर म्हणून नाही.

शेडवाल्याचं छप्पर तिघांत सगळ्यांत चांगलं असतं, कारण वारा त्याला माहीत असतो. इथे आकडा बघाच. वाऱ्याच्या भारतीय मानकात मुंबईचा मूलभूत वेग 44 मीटर प्रति सेकंद आहे. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण 118 किलो होतो. छपराचं 50 मिमी पॅनल चौरस मीटरला जेमतेम 10 ते 11 किलो भरतं. छपराचा आकार-उंची यांचे गुणक बाजूला ठेवले तरी छप्पर जागेवर राहतं ते वजनाने नव्हे, स्क्रूने. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडमध्ये किती पत्रे उडाले ते आठवत असेलच. पर्लिन (पॅनलखालचे आडवे लोखंडी वासे) 1.2 मीटरच्या आत, प्रत्येक पर्लिनवर पॅनलला निदान 3 स्क्रू, कडेच्या आणि पागोळीच्या पट्ट्यात प्रत्येक उंचवट्यावर एक. वॉशर ईपीडीएम रबराचा, त्यावर सॅडल कॅप (उंचवट्यावर बसणारी पत्र्याची टोपी). स्क्रू उंचवट्यावर मारायचा, खोलगटात मारला की तिथेच गळणार. उतार 10 अंशांपेक्षा कमी नको, आणि कोन्यापासून (छपराच्या माथ्यापासून) पागोळीपर्यंत अखंड पॅनल घ्या. 20 फूट रुंदीच्या घराला एका बाजूला 13-14 फुटांचं पॅनल पुरतं, ते साध्या ट्रकमध्ये बसतं, मग आडवा सांधा हवाच कशाला? शेडवाला कच्चा असतो तो खिडकी, बाथरूम आणि आतल्या पार्टिशनमध्ये. त्याच्या कामात खिडकीवर पाणी तोडणारी पट्टी आहे का, ते पाहा.

म्हणून माझं मत: भिंत पहिल्याची, छपराचा तपशील तिसऱ्यासारखा. पहिल्याला वर लिहिलेलं जोतं आणि छप्पर कोटेशनमध्ये लिहून द्यायला सांगा. त्याने ते बिनबोभाट दिलं तर जास्तीच्या भावाला अर्थ आहे. 'आमच्या आजोबांपासून असंच करतो' असं उत्तर आलं तर नाही.

जाडीबद्दल. पफची उष्णतावाहकता साधारण 0.023, थर्माकोलची 0.036. म्हणजे 50 मिमी पफची बरोबरी करायला जवळपास 80 मिमी थर्माकोल लागतं. 50 मिमी पफच्या भिंतीचं यू-मूल्य (भिंतीतून किती उष्णता जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) 0.43 च्या आसपास येतं, प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचं 2 च्या आसपास. भिंतीला 50 आणि छपराला 80 मिमी घेतलंत तर पुरे, सगळीकडे 100 विकणाऱ्याला नमस्कार करा. मात्र या भिंतीला वस्तुमान नाही. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की ते शोषायला काही नसतं आणि खोली झटकन तापते. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा जास्त जाडीच्या पॅनलपेक्षा अधिक कामाचा. पावसाचा आवाज नुसत्या पत्र्यापेक्षा कमी येतो, पण येतोच.

माल तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. 50 मिमी पॅनलचा 30 सेंमी बाय 30 सेंमी तुकडा मागा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. दोन्ही पत्रे 0.5 मिमी आणि फोम घनमीटरला 40 किलो घनतेचा असेल तर तो 890 ग्रॅमच्या जवळपास भरायला हवा: सुमारे 710 ग्रॅम पत्रा, 180 ग्रॅम फोम. पत्रा 0.4 मिमीचा निघाला तर 745 च्या आसपास येईल. मग एक पत्रा सोलून काढा. फोम पत्र्याला चिकटून फाटला तर जोड चांगला, पत्रा स्वच्छ सुटला तर उन्हात फुगणार. फोम हलका असला तर तो नंतर आकसतो आणि पृष्ठभाग लाटांसारखा दिसतो. साईटवर माल आल्यावर बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ आवाज आला तो नग बाजूला. ताजं पॅनल दुसऱ्या दिवसाआधी कापू नये, कारण फोम अजून स्थिरावलेला नसतो. घाईच्या ऑर्डरमध्ये इथेच माती खाल्ली जाते.

फोम फुगवायला काय वापरता, हेही विचारा. पूर्वी सीएफसी-11 असायचा, मॉन्ट्रियल करारानंतर एचसीएफसी-141बी आला, तोही भारतात 1 जानेवारी 2020 पासून बंद आहे. सायक्लोपेंटेन, एचएफओ किंवा पाणी, यांपैकी काहीतरी उत्तर यायला हवं. 'ते सप्लायरला विचारावं लागेल' म्हणाला तर तो उत्पादक नाही, व्यापारी आहे. व्यापारी असणं गुन्हा नाही, पण मग हमीपत्र पॅनल बनवणाऱ्याच्या सहीचं घ्या.

जुळणीच्या वेळी साईटवर उभं राहायला जमणार असेल तर एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: पॅनल ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी रंग आणि जस्ताचा थर जळतो, पत्र्यावर पडलेला गरम भुगा चिकटतो आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस ठिपके उठतात. जिगसॉ वापरायला लावा, भोकांचा भुगा त्याच संध्याकाळी मऊ ब्रशने झाडून घ्या. संरक्षक फिल्म लगेच काढायला सांगा, उन्हात भाजली की गोंद निघत नाही. रंग फिकटच घ्या. गडद पत्रा एप्रिलमध्ये इतका तापतो की फोमपासून सुटू शकतो.

विजेबाबत तडजोड नको. भिंतीचे दोन्ही पत्रे धातूचे आहेत, म्हणजे एक सोललेली तार पूर्ण भिंत जिवंत करू शकते. वायरिंग फोममधून नको, आतून वरवर पीव्हीसी पट्टीत घ्या. प्रत्येक भिंतीच्या पत्र्याला अर्थिंग जोडा आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा. थर्माकोल आगीत वितळून टपकतं, पफ काळवंडतो आणि विषारी धूर सोडतो. म्हणून शेगडीमागची भिंत विटांची किंवा रॉकवूल पॅनलची करा. बाथरूमही विटांचंच बरं, नळ गळला तर फोम उकरावा लागत नाही. पंखा, गीझर, किचनची कपाटं नुसत्या पॅनलवर टांगू नका. कुठे काय येणार ते आधी ठरवून तिथे 50 बाय 50 मिमीचा चौकोनी पाइप उभा करून घ्या. पाण्याची टाकी छपरावर अजिबात नको, वेगळा मनोरा करा. कापलेल्या उघड्या कडांतून मुंग्या आणि उंदीर फोममध्ये घर करतात, तेव्हा प्रत्येक कडेला पत्र्याची टोपी हवी.

'प्रीफॅबला परवानगी लागत नाही' असं तिघांपैकी कोणी म्हणालं असेल तर ते सोडून द्या. जोत्यावर पक्कं बसवलेलं राहतं घर हे बांधकामच आहे, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात आधी चौकशी करा.

कोटेशनं शेजारी ठेवताना जोतं, क्रेन, माल उतरवणं, फ्लॅशिंग (सांधे झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या), स्क्रू-सीलंट आणि वीजकाम कोणात धरलंय ते बघा. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं फ्लॅशिंग 'एक्स्ट्रा' असतं. पैशांचा 10 टक्के भाग पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायची अट घाला. आणि ताबा घेण्याआधी पाइपने पाणी मारून बघा: आधी अर्धा तास फक्त जोत्याचा सांधा, मग खिडक्या, शेवटी कोना. खालून वर जायचं, म्हणजे गळती नेमकी कुठली ते कळतं. वरूनच सुरुवात केली तर सगळीकडून पाणी येतं आणि कंत्राटदार सिलिकॉनची नळी घेऊन घरभर फिरतो.