हायड्रॉलिक्समध्ये उत्तर दर वेळी थोडं जास्त येतंय? आधी गॅलन तपासा

तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य वाचून लिहायला बसलो: "सूत्रं पाठ आहेत, पायऱ्या बरोबर आहेत, तरी उत्तर दर वेळी थोडं जास्तच येतं." फायर कोर्सचे बाकी सगळे विषय सुटले, शिडीच्या आणि होजच्या ड्रिलला चांगले शेरे, आणि हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे पाण्याच्या दाब-प्रवाहाच्या गणितात, सलग दोनदा नापास. आता क्लास लावू की कोर्स सोडू, असं विचारलंय. कोर्स सोडू नका. हीच अडचण माझीही होती आणि तिच्यापायी माझं अख्खं वर्ष गेलं. ज्याचं गणित कच्चं असतं त्याचं उत्तर कधी कमी, कधी जास्त, कधी भलतंच येतं. तुमचं दर वेळी एकाच बाजूला चुकतंय. म्हणजे दोष गणितात नाही, एककांत आहे.

आधीच सांगून ठेवतो: प्रत्येक संस्थेचा अभ्यासक्रम आणि सूत्रांचा तक्ता वेगळा असतो. खालचे आकडे पेपर सोडवण्यासाठी आहेत. खऱ्या पंपावर उभे असाल तेव्हा प्रशिक्षक आणि पंपाचं मॅन्युअल सांगेल तेच करायचं.

दाब, प्रवाह, हेड (पाण्याच्या उंचीमुळे येणारा दाब) म्हणजे काय ते तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. थेट उदाहरण घेऊ. २० मिमीचं नोझल, नोझलवर ४ बार दाब, ७० मिमीचे २५ मीटरचे पाच होज, आणि ब्रँच (होजच्या टोकाची, नोझल बसवलेली हातात धरायची नळी) पंपापेक्षा ९ मीटर उंचावर. पंपावर किती दाब ठेवायचा?

मेट्रिकमध्ये नोझलचा प्रवाह म्हणजे २/३ × व्यासाचा वर्ग × दाबाचं वर्गमूळ. व्यास मिमीत, दाब बारमध्ये, उत्तर लिटर प्रति मिनिट. ४०० गुणिले २, त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ५३३ लिटर प्रति मिनिट. इथवर कुणी चुकत नाही.

आता हेच गणित अमेरिकन नोट्सवरून करून बघा. तिथे सूत्र २९.७ × व्यासाचा वर्ग × दाबाचं वर्गमूळ असं असतं, पण व्यास इंचात आणि दाब पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच). २० मिमी म्हणजे ०.७८७ इंच, ४ बार म्हणजे ५८ पीएसआय. उत्तर येतं १४० गॅलन प्रति मिनिट. त्याचे लिटर करताना बहुतेक जण शाळेत पाठ केलेल्या ४.५४६ ने गुणतात आणि ६३७ लिटर लिहून मोकळे होतात. ते सूत्र अमेरिकन गॅलनचं आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. ३.७८५ ने गुणलं की ५३०च्या आसपास येतं, मेट्रिकच्या उत्तराशी जुळतं. ४.५४६ ने गुणलं की उत्तर पाचव्या हिश्शाने फुगतं.

माझी घोडचूक हीच होती. ती सापडली नाही, कारण ६३७ हा आकडा वेडावाकडा दिसत नाही. बार आणि पीएसआयची गल्लत झाली तर उत्तर इतकं विचित्र येतं की आपलं आपल्यालाच खटकतं. गॅलनची चूक मात्र गपचूप पुढच्या पायरीत शिरते आणि तिथे वाढते, कारण घर्षणाने होणारी दाबाची घट प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. पाण्यात २० टक्के चूक म्हणजे घर्षणात ४० टक्क्यांहून जास्त चूक.

ते करूनच बघू. दाबाची घट = ९००० × f × लांबी × प्रवाहाचा वर्ग ÷ व्यासाचा पाचवा घात. लांबी मीटरमध्ये, प्रवाह लिटर प्रति मिनिट, व्यास मिमीत, उत्तर बारमध्ये. f म्हणजे होजच्या आतल्या पृष्ठभागाचा घर्षणांक. प्रश्नात दिलेला असेल तो घ्या, इथे ०.००५ धरू. ९००० × ०.००५ म्हणजे ४५, गुणिले १२५ मीटर म्हणजे ५६२५. त्याला ५३३च्या वर्गाने गुणायचं आणि ७०च्या पाचव्या घाताने, म्हणजे १,६८,०७,००,००० ने भागायचं. उत्तर ०.९५ बार. गॅलनच्या चुकीने ६३७ घेतलं असतं तर १.३६ बार आलं असतं.

उंचीचे ९ मीटर म्हणजे ०.९ बार, कारण दर मीटरला साधारण ०.१ बार (नेमकं हवं तर ०.०९८१). बेरीज ४ + ०.९५ + ०.९ = ५.८५ बार. चुकीच्या वाटेने ६.२६. तुमचं "थोडं जास्त" ते हेच असणार, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. तरी जुना पेपर काढून तपासा. मी तुमची उत्तरपत्रिका पाहिलेली नाही.

याच सूत्रात उलट दिशेची चूकही होते. प्रवाह लिटर प्रति सेकंदात टाकला की घट ०.०००२६ बार येते. सव्वाशे मीटर होजमधून पाणी गेलं आणि दाब जवळपास घटलाच नाही, असं कधी होतं का? पण घाईत ते लिहिलं जातं. म्हणून एक आकडा डोक्यात कायमचा ठेवा: ७० मिमीच्या होजमध्ये ५०० लिटर प्रति मिनिट वाहत असतील तर १०० मीटरला घट ०.६७ बार, म्हणजे २५ मीटरच्या एका होजला सुमारे ०.१७. प्रत्येक उत्तर याच्याशी ताडून बघायचं. पाणी दुप्पट केलं तर घट चौपट. तेच पाणी दोन समांतर लाइनींतून नेलं तर प्रत्येकीत निम्मं, म्हणून घट चौथाई, आपल्या उदाहरणात ०.२४ बार. दोन्ही लाइनींची घट एकमेकींत मिळवायची नाही. या एका गोष्टीवर दर परीक्षेत मार्क जातात.

व्यासाचा पाचवा घात का महत्त्वाचा, ते बघायचं असेल तर हेच ५३३ लिटर ४५ मिमीच्या होजमधून काढा. f तोच धरला तरी घट नऊ पट, साडेआठ बारच्या वर. पंपावर साडेतेरा बार लागतील. "होज बदलून लहान घेतला तर काय होईल" अशा प्रश्नाला नुसतं "दाब वाढवावा लागेल" लिहिणाऱ्याला अर्धे मार्क मिळतात. त्या होजमधून एवढं पाणी नेणं व्यवहार्य नाही, लहान नोझल घ्या किंवा लाइन दुहेरी करा, असं लिहिणाऱ्याला पूर्ण मिळतात, आणि ते योग्यच आहे.

उंचीबद्दल आणखी एक. उंची फक्त उभी मोजायची. जिन्यातून वळणं घेत गेलेल्या होजची लांबी घर्षणात धरायची, उंचीत नाही. आणि ब्रँच तळघरात असेल तर उंचीचा दाब वजा करायचा. वजा करायला हात धजत नाही, हे मला ठाऊक आहे, पण तिथे पाणी खाली उतरताना दाब मिळवतं. तो वजा केला नाही तर ब्रँचवाल्याच्या हातात नको तेवढा जोर जातो. जोर किती, तेही काढता येतं: ०.१५७ × दाब × व्यासाचा वर्ग, उत्तर न्यूटनमध्ये. आपल्या नोझलला २५१ न्यूटन, म्हणजे साधारण २५ किलोचा मागे रेटा. पंपवाल्याने व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की हा रेटा एकदम अंगावर येतो, ब्रँच वर उसळते, मागचा पाय उचलला जातो. डिलिव्हरी (पंपाचा पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) हळूहळू उघडा असं ड्रिलमध्ये ओरडून सांगतात त्याचं कारण या एका गुणाकारात आहे.

आता जी गोष्ट अजून सलते ती. त्या वर्षी परीक्षेआधी कार्यालयात जाऊन साधा प्रश्न विचारला होता की पेपरसोबत सूत्रांचा तक्ता कोणता मिळणार, मेट्रिक की गॅलनचा. "सिलॅबस बघा" एवढंच उत्तर. सिलॅबसमध्ये फक्त "फायरग्राउंड हायड्रॉलिक्स" असे दोन शब्द. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की कुठलंही सूत्र चालतं. निकालानंतर कळलं की मेट्रिकशिवाय दुसरं काही तपासलंच जात नव्हतं. ज्या विषयात एककाची चूक म्हणजे ब्रँचवर पाणी न पोचणं, तिथे एकक कोणतं हे सांगायला कार्यालय तयार नसावं, याचा मला आजही संताप येतो. तुम्ही तोंडी उत्तरावर थांबू नका. ईमेल करा, प्रश्न एका ओळीत ठेवा: "तक्ता कोणता, f ची किंमत पेपरात दिली जाते का, उंचीला मीटरमागे ०.१ धरायचं की ०.०९८१?" उत्तर आलं नाही तर तीच ईमेल विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना पाठवा. ते बहुतेक सांगतात.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. निदान आधी दोन आठवडे असं करून बघा. एक वही फक्त मेट्रिकची करा आणि गॅलनच्या सगळ्या नोट्स कपाटात टाका. प्रत्येक गणिताच्या पहिल्या ओळीत एककं लिहा, शेवटच्या ओळीत वरच्या ०.६७शी ताडलेला अंदाज लिहा. रोज चार गणितं. पंप ड्रिलच्या दिवशी होजची संख्या, नोझल आणि गेजवरचा दाब टिपून घ्या आणि घरी तेच सोडवा. गेजचा काटा आणि वहीतला आकडा जुळायला लागले की विषयाची भीती जाते. पूर्ण जुळणार नाहीत. कपलिंग, होजची पिळवट, एखादा वाकलेला भाग यांतही दाब जातो, सूत्रात ते नसतं.

सक्शनचा, म्हणजे पंपाने खालचं पाणी वर घेण्याचा, प्रश्न जवळपास ठरलेला असतो, म्हणून तेही. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाणी कागदावर १०.३ मीटर उचलू शकतो, प्रत्यक्षात ७ ते ७.५ धरा. पंप पाणी ओढतो असं उत्तरात लिहू नका. तो हवा काढतो, पाणी बाहेरच्या हवेच्या दाबाने वर चढतं. म्हणूनच उंच प्रदेशात आणि कोमट पाण्यात सक्शन कमी मिळतं. स्ट्रेनर (सक्शन होजच्या टोकाची जाळी) सक्शन होजच्या व्यासाच्या निदान तिप्पट खोल बुडवायचा, नाहीतर भोवरा होऊन हवा शिरते आणि प्रायमिंग तुटतं, म्हणजे पंपात भरलेलं पाणी सुटतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पोस्टमध्ये बीए सेटच्या (धुरात श्वास घ्यायला पाठीवर लावायच्या हवेच्या सिलिंडरच्या) गणिताचा उल्लेख आहे. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला तर २०४० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ५१ मिनिटं, त्यातून सुरक्षेची १० वजा, कामासाठी ४१. पेपरात हेच लिहा. स्वतःसाठी मात्र खरा आकडा काढा: जड ड्रिलच्या आधी आणि १० मिनिटांनी गेज वाचा. ९० बार उतरले असतील तर ६१२ लिटर गेले, म्हणजे मिनिटाला ६१. मग तुमचे ४१ नाहीत, २३ आहेत.

आग वर्गीकरणातही ही दोन पद्धतींची गल्लत आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत वर्ग सी म्हणजे वायूची आग, अमेरिकन पद्धतीत वर्ग सी म्हणजे विजेच्या चालू उपकरणांची. परदेशी व्हिडिओ बघून अभ्यास करणाऱ्यांचे इथेच मार्क कापले जातात. स्वयंपाकाच्या तेलाला एका ठिकाणी एफ, दुसरीकडे के.

प्रात्यक्षिकाची नोंदवही त्याच दिवशी सही करून घ्या, महिन्याअखेर एकदम नाही. प्रशिक्षक बदलले की मागच्या तासांवर सही करायला कुणी तयार होत नाही.

दोन्ही पेपरांतलं होजचं गणित प्रश्नाच्या मूळ शब्दांत इथे टाका, आणि खाली तुमची पहिली ओळ, जिथे प्रवाह काढलात ती. तेवढ्यावरून चूक गॅलनची आहे की f ची, ते कळेल.