इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांची फुटबॉल मैदानं बघायची आणि टिपायची असतील तर सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये आलात, मोठ्या क्लबांची तिकिटं परवडेनात, म्हणून एका बुधवारी दुपारी जवळच्या छोट्या क्लबाचं मैदान बघायला गेलात. फाटकाला कुलूप होतं. कुंपणावरून चार-पाच फोटो काढले, घरी येऊन पाहिलं तर गवत, पत्र्याचा स्टँड आणि राखाडी आभाळ, एवढंच हाती लागलं. लोक अशा मैदानांसाठी वर्षानुवर्षं का हिंडतात आणि तिथे नक्की काय टिपतात, असा तुमचा प्रश्न आहे.

मी गेले नऊ हंगाम हेच करतेय, म्हणून आधी एक सांगते. बुधवार सोडा, शनिवारी जा. आणि सामना तीनचा असेल तर दीडलाच पोहोचा.

त्या दीड तासात मैदान जागं होतं. लग्नघरात सकाळी असते तशी लगबग असते आणि त्यातले बहुतेक जण बिनपगारी राबत असतात. कुणी सुट्या पैशांचा डबा घेऊन फाटकाशी बसतं, कुणी चहाची किटली चढवतं, कुणी कोपऱ्यांत झेंडे रोवतं. मला सगळ्यात आवडतं ते जाळी बांधताना बघायला. गोलच्या खांबांना आतून प्लास्टिकचे आकडे असतात, त्यांत जाळीचा एकेक फास अडकवत जायचं. एका मैदानावर हे काम करणाऱ्या आजोबांनी हातमोजे काढून दातांत धरले होते, कारण मोज्यातून आकडा चाचपता येत नाही. डिसेंबरचा महिना, बोटं लालबुंद झालेली. वरच्या आडव्या खांबापर्यंत हात पुरत नव्हता, म्हणून झाडूच्या दांड्याला टोकाशी वाकडा खिळा ठोकून त्यांनी स्वतःच एक काठी केली होती. मुठीच्या जागी चिकटपट्टीवर चिकटपट्टी गुंडाळून ती मनगटाएवढी जाड झालेली. त्या मुठीचा फोटो माझ्याकडे आहे. त्या दिवशी चार गोल झाले, तेही टिपले होते, पण मुठीचा फोटो मी आजही काढून बघते.

छोटं मैदान कुणीतरी आपल्या हातांनी, जमेल तसं, थोडं थोडं करत उभं केलेलं असतं. त्या हातांच्या खुणा शोधा. बुधवारी कुंपणावरून तुम्हाला त्या दिसल्या नाहीत, कारण त्या जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत आणि सामन्याच्या दिवशी कुणीतरी त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय कळतही नाहीत.

ही मैदानं अशी का दिसतात तेही समजून घ्या, म्हणजे काय बघायचं ते कळेल. वरच्या चार विभागांत मिळून 92 क्लब आहेत. ती सगळी 92 मैदानं पाहिलेल्यांची एक संघटनाच 1978 पासून आहे. त्याखालच्या पायऱ्यांना नॉन-लीग म्हणतात आणि त्या पार तालुका-जिल्हा पातळीपर्यंत उतरत जातात. 11 मे 1985 ला ब्रॅडफर्डमध्ये लाकडी स्टँडला आग लागून 56 माणसं गेली. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीने 97 जणांचा बळी घेतला. त्यानंतर नियम कडक झाले. वरच्या दोन विभागांत उभं राहून बघायच्या पायऱ्या हटवून सगळीकडे खुर्च्या बसवायला लावल्या. खालच्या पातळीवर ती सक्ती नव्हती, म्हणून सिमेंटच्या पायऱ्या, टेकायचे लोखंडी कठडे, मैदानाभोवतीचा पांढरा पाइप, हे सगळं छोट्या क्लबांकडे टिकलं. दुसरी गोष्ट म्हणजे, वरच्या पायरीवर चढायचं तर क्लबाला मैदानाची प्रतवारीही पार करावी लागते. ठरावीक खुर्च्या, छप्पर, दिवे हवेतच. त्यामुळे प्रत्येक बढती मैदानावर काहीतरी ठेवून जाते. विटांच्या जुन्या स्टँडशेजारी अचानक पन्नास खुर्च्यांचा तयार पत्र्याचा सांगाडा दिसला, की ओळखावं, त्या वर्षी पोरांनी लीग जिंकली असणार. तो सांगाडा दिसायला कुरूप असतो, पण तो फ्रेमबाहेर ठेवू नका.

आता कुठे जायचं ते. शेफील्डला जमलं तर सँडीगेट चुकवू नका. हॅलम क्लबाचं हे मैदान जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेसमध्ये नोंदलेलं आहे. 26 डिसेंबर 1860 ला इथे हॅलम आणि शेफील्ड हे क्लब भिडले. 1857 चा शेफील्ड क्लब जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. पण मी तिथे जा म्हणते ते उतारासाठी. मैदान चांगलंच तिरकं आहे, चेंडू आपसूक एका बाजूला ओढला जातो. आणि हा उतार फोटोत येत नाही! माझे पहिल्या भेटीचे सगळे फोटो सपाट आले. कारण नंतर ध्यानात आलं. फोटो सरळ करताना आपण, किंवा फोन आपल्या वतीने, मैदानाची पांढरी रेघ आडवी धरतो आणि उतार तिथेच पुसला जातो. दिव्याचा खांब किंवा दाराची चौकट उभी धरून फोटो सरळ करा, म्हणजे रेघ तिरकी पडेल आणि उतार दिसेल. उभं राहायचं ते खालच्या कोपऱ्यात, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर.

लिव्हरपूलच्या उत्तरेला क्रॉस्बीत मरीन क्लबाचं मैदान आहे. त्याच्या एका बाजूला घरांच्या मागच्या बागा अगदी खेटून आहेत. 10 जानेवारी 2021 ला वरून मोजता आठव्या पायरीवरच्या या क्लबाकडे एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत टॉटनहॅम हा सर्वांत वरच्या विभागातला मोठा क्लब खेळायला आला. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती, पण शेजारी आपापल्या बागेतून कुंपणावरून बघत होते. मरीन 0-5 ने हरलं. तरी सामना प्रत्यक्ष बघता येणार नाही हे ठाऊक असताना लोकांनी 30 हजारांहून जास्त तिकिटं क्लबाला मदत म्हणून घेतली. तिथे गेलात तर त्या बागांकडे तोंड करून उभे राहा. अर्धवट वाळलेले कपडे, कुंपणावरून डोकावणारं एखादं डोकं आणि अलीकडे थ्रो-इन घेणारा खेळाडू, हे सगळं एका चौकटीत मावतं.

दक्षिणेत लुईस क्लबाचं ड्रिपिंग पॅन हे मैदान आहे, खोलगट आणि गवताच्या उतरत्या बांधांनी वेढलेलं. याच क्लबाने 2017 मध्ये महिला आणि पुरुष संघांना सारखं मानधन द्यायचं ठरवलं. ग्रेट यारमथला 1892 चा लाकडी स्टँड अजून उभा आहे. स्कॉटलंडला कधी गेलात तर आर्ब्रोथचं गेफील्ड पार्क बघा. समुद्र इतका जवळ की वारं सुटलं की लाटांचे तुषार भिंतीवरून आत येतात. तिथून फार लांब नाही ते ब्रेकिनचं ग्लीब पार्क, ज्याच्या एका बाजूला भिंतीऐवजी चक्क छाटलेली हिरवी झुडपांची रांग आहे.

पण ही नावं झाली प्रसिद्ध मैदानांची. ती बघाच, पण तुमच्या घराजवळचं मैदान तुम्ही दहा वेळा बघू शकाल आणि चांगला फोटो बहुधा दहाव्या खेपेला मिळतो.

प्रकाशाचं सांगते. डिसेंबरात उत्तर इंग्लंडमध्ये सूर्य चारच्या आतच मावळतो. म्हणजे तीनच्या सामन्याचं मध्यंतर होईस्तोवर उजेड ओसरतो आणि उत्तरार्धाची पहिली पंधरा-वीस मिनिटं आभाळ गडद निळं असतं, खाली दिवे पिवळे. माझे निम्मे आवडते फोटो त्या वीस मिनिटांतले आहेत. जुने दिवे विजेच्या लयीवर सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे वेगवान शटरला एका फोटोत गवत हिरवं आणि पुढच्यात तपकिरी येतं. खेळाडू थोडे पुसट आले तरी चालतील असं ठरवून शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवा, रंग स्थिर राहतो. नवे एलईडी दिवे आले की ही कटकट जाते, पण कोपऱ्यांतला काळोखही जातो. खांबावर अजून जुने दिवे असतील तर ते आधी टिपून घ्या.

कॅमेऱ्याचं भिंग रुंद हवं, 28 किंवा 35 मिलिमीटरचं. लांब भिंगाने काढलेला फोटो कुठल्याही मैदानावरचा वाटतो. गवतावरचा खेळाडू छोटा दिसू दे, मागे गोदाम, चर्च, रेल्वेचा पूल जे असेल ते येऊ दे. मध्यंतरात एक खास गोष्ट घडते, तिच्यासाठी तयार राहा. इथे दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांना वेगळं कोंडत नाहीत, त्यामुळे आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्यामागे उभं राहायला सगळी गर्दी मैदानाला वळसा घालून चालत जाते. हातात चहाचे पेले, खांद्यावर पोरं, आणि समोरून येणाऱ्या पाहुण्या पाठीराख्यांशी जाता-जाता हसणं-बोलणं. प्रीमियर लीगमध्ये हे दृश्य तुम्हाला कधीच मिळणार नाही.

परवानगीची काळजी वाटत असेल तर आत शिरतानाच कॅमेरा दाखवा आणि सेक्रेटरी कुठे भेटतील ते विचारा. मोठ्या मैदानांवर लांब भिंगाचा कॅमेरा बहुधा आत येऊ देत नाहीत, इथे मात्र बहुतेक ठिकाणी 'कठड्याच्या आत येऊ नका' एवढंच सांगतात. ते पाळा. लहान मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि मुलांचे सामने तर क्लबाने स्वतः बोलावल्याशिवाय नकोच. ड्रोन घरी ठेवा. वरून सगळी मैदानं हिरवा चौकोन दिसतात. निघण्याआधी सकाळी क्लबाचं पान उघडून बघा, कारण पाऊस झाला असेल तर रेफ्री मैदान तपासून सामना पुढे ढकलतात. कृत्रिम गवत असेल तिथे ही वेळ क्वचित येते.

मैदानांमागे फिरणाऱ्यांना इथे ग्राउंडहॉपर म्हणतात. तुम्हाला ते प्रत्येक ठिकाणी भेटतील, पाठीवर पिशवी, हातात वही. कुणी पूर्ण नव्वद मिनिटं बघितल्याशिवाय मैदान मोजत नाही, कुणी 0-0 झाला तर पुन्हा येतो. त्यांच्याशी जरूर बोला, पुढच्या आठवड्यात कुठे जावं ते त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. मोजणीच्या नादाला मात्र लगेच लागू नका असं माझं मत आहे. मी पहिली दोन वर्षं आकडा वाढवण्यात घालवली आणि त्याची किंमत मोजली.

एका मैदानावर लाकडी स्टँड होता. आत पाऊल टाकलं की फळ्या कुरकुरायच्या आणि जुन्या रंगाचा, ओल्या लाकडाचा वास यायचा. बाकांवर खडूने नाही, कोरून आकडे घातले होते, आणि सतराचा सात उलटा कोरला गेला होता. हे सगळं मी पाहिलं आणि पुढची गाडी गाठायची म्हणून समोरून अकरा फोटो काढून निघाले. दोन वर्षांनी परत गेले तेव्हा तिथे सपाट खडी होती. स्टँड धोकादायक ठरवून उतरवला होता. क्लबाला भिंतीवर लावायला आतला फोटो हवा होता, सेक्रेटरीबाईंनी मला आशेने विचारलं. माझ्याकडे तो उलटा सात नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक स्टँडच्या आत जाते, मागे जाते, जिन्याखाली वाकून बघते, आणि घरी आल्यावर तारीख घालून सगळे फोटो क्लबाला पाठवून देते.

तेव्हा या शनिवारी त्याच मैदानावर परत जा, जिथे बुधवारी कुलूप होतं. दीडला पोहोचा, तिकीट घ्या, आणि फाटकावरच्या माणसाला विचारा, इथे जाळी कोण बांधतं?