पवित्र शास्त्र वाचायला नुकतीच सुरुवात केलेल्या ताईंसाठी

जय ख्रिस्त ताई. पहिल्याच पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून सुरू केलंत ना, म्हणून अडकलात. पुढे लेवीय या पुस्तकात होमार्पणं (वेदीवर जाळायची अर्पणं) आली की बऱ्याच जणांची गाडी पंक्चर होते, माझीपण झालेली. सध्या एवढंच करा:

- मार्क वाचा, म्हणजे येशूची गोष्ट सांगणारं छोटं पुस्तक. १६च अध्याय आहेत, रोज एक, स्वारगेट ते हडपसर बसमध्येसुद्धा होतो.
- प्रार्थना घरात बोलतो तशी करा, पास्टरांसारखे मोठे शब्द नकोत.
- रात्री वहीत आजचा एकच आशीर्वाद लिहा. माझ्या वहीत "गॅस संपला, पण पोळ्या झाल्यावर" असंपण आहे, हसू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे देवाचं सामर्थ्य म्हणजे चमत्कारच असं धरून बसणं, आणि मग दुसऱ्याची साक्ष (देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगणं) ऐकून आपल्यातच काहीतरी कमी आहे वाटून घेणं. १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय बघा, एलीया संदेष्टा इतका थकला की मरण मागितलं, तर त्याला आधी काय मिळालं? झोप, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, तेपण दोनदा, बोलणं सगळं नंतर.

देवाशी सौदा नको, हे दे मग ते करीन वगैरे. शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, आत्ता उघडूच नका. आणि एखादा दिवस चुकला तर भरून काढायच्या नादाला लागू नका, होतात तिथूनच पुढे वाचा.